रूम टेंपरेचर म्हणजे नेमकं किती? खान्देशातल्या कॉलेजात रिसर्च चालू ठेवायचा तर

पहिला पेपर पाठवायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. रिॲक्शन साधी होती, मेथडमध्ये लिहिलेलं "रूम टेंपरेचरला दोन तास ढवळलं", कन्व्हर्जन (म्हणजे स्टार्टिंग मटेरियलपैकी किती बदललं) ९० टक्के. खात्री म्हणून पुण्यातल्या एका मित्राला म्हटलं तू पण एकदा लावून बघ. दोन तासांनी त्याच्याकडे जवळपास अर्धं स्टार्टिंग मटेरियल तसंच पडलेलं. त्याचा फोन, "अरे तुझं काहीतरी चुकतंय." दोन दिवस मी डोकं धरून बसलो, केमिकलची बाटली बदलली, वजनं परत केली, काहीच सापडेना. तिसऱ्या दिवशी दुपारी घाम पुसता पुसता भिंतीवरच्या थर्मामीटरकडे नजर गेली तर ४१. एप्रिलचा शेवट, वरचा स्लॅब तापलेला, आणि हेच आमचं रूम टेंपरेचर! त्याच्याकडे एसी, २५. दहा डिग्री वाढली की वेग साधारण दुप्पट हे पोरांना मीच शिकवतो, म्हणजे सोळा डिग्रीत साधारण तिप्पट, हिशोब तिथल्या तिथे जुळला. मेथडमध्ये "४१ अंशाला" असं लिहिलं, २५ ला सहा तास लागतात हेही लिहिलं, आणि पेपर गेला.

तेव्हापासून नोटबुकच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि टेंपरेचर. तुम्ही बाहेरून पीएचडी, पोस्टडॉक करून जळगाव-धुळे-नंदुरबारच्या एखाद्या तालुक्याच्या कॉलेजात नुकतेच रुजू झाला असाल आणि रिसर्च सोडायचा नसेल, तर पहिलं काम हेच करा, भिंतीवर एक साधा थर्मामीटर लावा. बाकीचं खाली लिहितोय. मी केमिस्ट्रीवाला, त्यामुळे उदाहरणं तशीच येतील, बॉटनी-मायक्रोवाल्यांनी आपापलं जुळवून घ्या.

वर्षाचं गणित उन्हावर बसवा

पुण्या-मुंबईत लोक रिसर्चचं वर्ष सेमिस्टरवर बसवतात, इकडे ते उन्हावर आणि पावसावर बसवावं लागतं. मी हे उशिरा शिकलो. पहिली दोन वर्षं माझा विचार असा की मे महिन्यात सुट्टी असते, पोरं नसतात, तेव्हा मनसोक्त लॅबमध्ये काम करू. आता विचार करा, ईथर उकळतं ३५ अंशाला, डायक्लोरोमिथेन (डीसीएम) ४० ला, आणि जळगावचा मे महिना ४४-४५. बाटलीचं झाकण उघडलं की फुस्स, सेपरेटिंग फनेल हलवला की बूच उडतं, कॉलम (मिश्रण वेगळं करायची सिलिका भरलेली काचेची नळी) लावला की मधेच सॉल्व्हंट उकळून सिलिकाला भेगा, टीएलसीच्या (मिश्रणात काय काय आहे ते बघायच्या) प्लेटवर चेंबरमध्ये सॉल्व्हंट नीट वर चढत नाही. एकदा तर माझी आठवड्याची मेहनत कॉलममध्येच फाटली. तर भाऊ, कॉलम, एक्स्ट्रॅक्शन आणि ईथर-डीसीएमवालं सगळं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. थंडीत आपल्याकडे सकाळी स्वेटर लागतो, तेच बेंचचे खरे दिवस. दिवाळीची सुट्टी संपायच्या चार दिवस आधी गावाहून परत या, घरचे कुरकुर करतील, करू द्या.

आणि हो, ईथर गरम होतं म्हणून घरगुती फ्रिजमध्ये ठेवू नका. मी असं करणारे सीनियर लोक बघितलेत. त्या फ्रिजच्या आत लाइट असतो, थर्मोस्टॅट असतो, ठिणगी पडते, आणि आत ईथरची वाफ कोंडलेली असते. पुढचं सांगायला नको. उन्हाळ्यात ईथर मागवूच नका, लागलं तर लहान बाटली, उघडल्याची तारीख बाटलीवर, कारण ते जुनं होत गेलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतं आणि गरमीत लवकर होतं.

मग उन्हाळ्यात काय करायचं? हवा एवढी कोरडी असते की काही कामं फक्त तेव्हाच भारी होतात. आयआर स्पेक्ट्रमसाठी केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) पेलेट जुलैत करून बघा, दुधासारखी पांढरी होते आणि पाण्याचा भला मोठा पीक येतो. तीच एप्रिलमध्ये काचेसारखी. पानं, साली, केळीचं खोड वाळवायचं, दळायचं, चाळायचं, पाणी ओढणारी मिठं तोलायची, हे सगळं मार्च-एप्रिलला सकाळी ७ ते ११. कोरड्या हवेत फक्त एक त्रास, स्टॅटिक. पावडर स्पॅचुलावरून उडी मारून बॅलन्सच्या काचेला चिकटते, आकडा नाचत राहतो. प्लास्टिकच्या बोटीऐवजी काचेत किंवा ॲल्युमिनियम फॉइलवर तोला, बरंच कमी होतं. आणि तोलताना कूलर बंद! आमच्याकडे बॅलन्स रूममध्ये कूलर लावलेला आणि सगळे विचारायचे की चौथा डेसिमल स्थिर का होत नाही. एकीकडून वारा, दुसरीकडून ओलावा, कसा होईल?

व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर बघा, कितीला कॅलिब्रेट केलंय ते लिहिलेलं असतं, २० किंवा २७. आपल्या देशात २७ धरतात. २७ ला बनवलेलं एक लिटर पाण्यातलं सोल्युशन ४० ला साधारण चार मिलिलिटरने फुगतं. टायट्रेशनच्या प्रॅक्टिकलला चालतं, पेपरच्या आकड्याला नाही चालत. मी स्टँडर्ड सोल्युशन सकाळीच बनवतो आणि सकाळीच वापरतो, दुपारी त्याला हात लावत नाही.

पावसाळा म्हणजे लिखाण, वाचन आणि सिलिका जेल (ओलावा ओढणारे खडे) भाजणं. निळी जेल गुलाबी झाली की ओव्हनला ११०-१२० ला दोन-तीन तास, परत निळी.

पाणी, लाइट आणि कूलरचा पंप

रोटाव्हॅपरचा (सॉल्व्हंट उडवायच्या मशीनचा) कंडेन्सर नळाच्या पाण्यावर चालवायची पद्धत ज्याने काढली तो नक्की थंड देशातला असणार. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात अंघोळीलासुद्धा नकोसं, त्याने वाफ कुठून थंड होणार, सगळं सॉल्व्हंट पंपात आणि पंपातून खोलीत. साधारण नियम असा की कंडेन्सर २० ला हवा, वाफ ४० ला, बाथ ६० ला. चिलर घ्यायला पैसे नाहीत. तर डेझर्ट कूलरमधला छोटा सबमर्सिबल पंप कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो आणा, बर्फाच्या लादीचा तुकडा आणि पाणी थर्माकोलच्या पेटीत, त्यात पंप, नळी कंडेन्सरला, दुसरं टोक परत पेटीत. तीन-चार तास मस्त चालतं आणि नळातून वाहून जाणारं पाणीही वाचतं, आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी किती दिवसांनी येतं ते सांगायला नको. फक्त प्लग पाण्यापासून लांब आणि त्या लाइनवर ईएलसीबी (शॉक बसण्याआधी लाइट तोडणारा स्विच) बसवलेला हवाच, नाहीतर रिसर्च राहील बाजूला.

बोअरचं पाणी जड, डिस्टिलेशन युनिटच्या हीटरवर महिन्याभरात पांढरा थर बसतो, वीज जास्त खातो आणि एक दिवस कॉइल जळते. पंधरा दिवसांनी सायट्रिक ॲसिडच्या गरम पाण्याने धुवा, किराणा दुकानात लिंबू सत्त्व म्हणून मिळतं तेच. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणून वेळ मारून नेऊ नका, आणलंच तर आधी कंडक्टिव्हिटी बघा.

लाइट जाते, हे गृहीत धरून चाला. डीप फ्रीझरमध्ये मोकळी जागा ठेवूच नका, पाण्याच्या बाटल्या भरून गोठवून ठेवा, लाइट गेली तरी बराच वेळ थंडावा धरतात. आणि एक पेला पाणी गोठवून त्याच्यावर रुपयाचं नाणं ठेवा. सुट्टीवरून आलात आणि नाणं वरच असेल तर ठीक, बर्फात खाली बुडालेलं दिसलं तर समजायचं मधे सगळं वितळून परत गोठलं, सॅम्पल फेका, त्यावर डेटा काढू नका. माझ्या एका विद्यार्थिनीची एन्झाइमची तीन महिन्यांची झटापट याच एका नाण्याने संपली, रडली ती, पण पुढचे सहा महिने वाचले.

अर्थिंगबद्दल कोणी बोलत नाही. यूव्ही मशीनची बेसलाइन थरथरते, पीएच मीटर उड्या मारतं, कंपनीचा इंजिनिअर येतो, बिल लावतो, जातो, परत तेच. काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्याचा जमिनीशी संबंधच सुटतो. दर शनिवारी दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात, हे काम आमचे लॅबमधले मामा करतात आणि आमच्या डिपार्टमेंटचं सगळ्यात महत्त्वाचं मेंटेनन्स मला विचाराल तर हेच.

वेळ कुठून आणायचा

यूजीसीच्या २०१८ च्या नियमात असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवणं. ऐकायला सोपं वाटतं. त्याच्याशिवाय ॲडमिशन कमिटी, नॅकची (कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेची) फाइल, एक्यूएआर म्हणजे तिचा वार्षिक अहवाल, परीक्षेचं सुपरव्हिजन, पेपर तपासणी, एनएसएसचा कॅम्प, निवडणूक ड्युटी, आणि संस्थाचालकांच्या घरचं लग्न. हे सगळं टाळता येत नाही, टाळायला गेलात तर "सर स्वतःला शास्त्रज्ञ समजतात" हा शिक्का बसतो आणि तो इकडे लवकर पुसला जात नाही.

मी एक गोष्ट शिकलो, कमिट्या मिळणारच आहेत तर स्वतः मागून घ्या. आणि मागायची ती टाइमटेबल कमिटी. कोणालाच नको असते, भांडणं होतात, एक आठवडा डोकं फुटतं. पण त्या एका आठवड्याच्या बदल्यात वर्षभर तुमची लेक्चर्स सलग लागतात आणि मंगळवारी-गुरुवारी दुपारचे तीन तास सलग मोकळे राहतात. सुटे सुटे पाच पिरियड मोकळे असून उपयोग नाही, त्यात फक्त चहा होतो. रिफ्लक्स (सॉल्व्हंट उकळत ठेवून रिॲक्शन) लावून त्याच्यासमोर उभं राहायला सलग वेळ लागतो. दुसरी चांगली कमिटी खरेदीची, त्यात बसलं की काचसामान येतं ते तुम्हाला हवं ते येतं.

सुट्या वेळेसाठी सुटी कामं वेगळी लिहून ठेवा. अर्ध्या तासात रेफरन्स नीट लावता येतात, एक ग्राफ परत काढता येतो, एक मेल. सुपरव्हिजन करताना कागद वाचायचे नाहीत, नियम आहे, पण पुढच्या एक्सपेरिमेंटची डोक्यात मांडणी कोण अडवणार? माझे निम्मे कंट्रोल एक्सपेरिमेंट मला परीक्षा हॉलमध्ये फेऱ्या मारताना सुचलेत.

एक अनुभव, कटू आहे पण सांगतो. एका वर्षी रिसर्चच्या नादात नॅकच्या फाइलचं काम मी पुढे ढकलत राहिलो, शेवटी एका सहकाऱ्याने रात्री जागून ते पूर्ण केलं आणि मला काही बोलला नाही. पुढच्या हिवाळ्यात मला चार दिवस मुंबईला सॅम्पल घेऊन जायचं होतं तेव्हा माझी लेक्चर्स घ्यायला कोणी तयार होईना. चूक माझीच. तालुक्याच्या कॉलेजात लेक्चर ॲडजस्ट करणारे दोन सहकारी नसतील तर बाहेरचं एकही काम होत नाही.

मार्च एंड

ग्रँट मिळवायची कशी यावर खूप लोक लिहितात, ती खर्च करून हिशोब द्यायचा कसा यावर कोणी लिहित नाही. अर्ज करताना आयआयटीवाल्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा राज्य विद्यापीठं आणि त्यांच्या कॉलेजांसाठी ज्या वेगळ्या योजना असतात त्या आधी शोधा. केंद्राची ग्रँट देणारं सर्ब आता राहिलं नाही, २०२३ च्या कायद्याने त्याच्या जागी एएनआरएफ आलं, जुन्या सीनियरच्या जुन्या फॉर्मवर अर्ज भरत बसू नका. आपल्या विद्यापीठाची छोटी ग्रँट मिळत असेल तर तीसुद्धा घ्या, रक्कम लहान असली तरी पहिल्या मोठ्या अर्जात "याआधी पैसे मिळाले आणि हिशोब वेळेत दिला" एवढं एक वाक्य लिहिता येतं.

पैसे आले की त्याच दिवशी एक साधी वही. डावीकडे काय मंजूर, उजवीकडे काय खर्च, हेडप्रमाणे. केमिकलच्या पैशातून प्रिंटर घेतला की तुम्ही अडकलात. तीन कोटेशनं, तुलनेचा तक्ता, ऑर्डर, बिल, स्टॉक रजिस्टरची एंट्री, हे एकाच पिनमध्ये राहिलं पाहिजे. युटिलायझेशन सर्टिफिकेट (यूसी, पैसे कुठे वापरले त्याचा दाखला) साधारण जीएफआरच्या, म्हणजे केंद्राच्या खर्चाच्या नियमांच्या, १२-ए फॉर्ममध्ये जातं. आणि ग्रँटवर बँकेत जे व्याज जमतं ते आपलं नसतं, ते सरकारला परत भरावं लागतं, मला हे पहिल्या ऑडिटला कळलं तेव्हा कान लाल झाले होते.

अकाउंटचे भाऊसाहेब आणि तुमच्यात २८ मार्चला पहिल्यांदा बोलणं होत असेल तर तुमचं काही खरं नाही. नोव्हेंबरपासून दर महिन्याला एकदा त्यांच्या टेबलाजवळ बसा. त्यांना इंग्रजीतला मंजुरीचा कागद देऊन येऊ नका, एका पानावर मराठीत लिहून द्या की हे पैसे कशासाठी, कधीपर्यंत, कुठला फॉर्म. माझे भाऊसाहेब आता मलाच फोन करतात, "सर, तुमचं यूसी राहिलंय." केमिकलची ऑर्डर जानेवारीतच टाका. मार्चमध्ये अख्ख्या राज्यातली कॉलेजं ऑर्डर टाकतात आणि मग माल एप्रिलमध्ये येतो, बिलावर मार्चची तारीख लावा म्हणून विनवण्या, ते असलं काही करू नका.

मशीन आपल्याकडे नाही म्हणून

एनएमआर, एक्सआरडी, मास, टीईएम, हे आपल्या कॉलेजात येणार नाही, ठीक आहे. आधी विद्यापीठात जाऊन बघा काय आहे, जळगावच्या विद्यापीठाचं कार्यक्षेत्रच आपले तीन जिल्हे आहेत, संलग्न कॉलेजवाल्याला मागायला लाज कसली. तिथे नसेल तर आय-स्टेम पोर्टलवर देशातली मशीनं दिसतात, कुठे काय आहे, फी किती, बुकिंग कसं. मुंबईला आयआयटीत सैफ नावाचं मशीनांचं केंद्र आहे, तिथे बाहेरच्यांची सॅम्पलं घेतात. रांग असते, म्हणून सॅम्पल तयार झाल्यावर बुकिंग नको, आधी बुकिंग करून मग त्या तारखेला सॅम्पल तयार करायचं.

लेबल पेन्सिलने लिहा. मार्करची शाई थोडं ॲसिटोन सांडलं की गेली, आणि मग सहा सारख्या पांढऱ्या पावडरी समोर ठेवून तुम्ही बसलाय. मी लेबलवर सेलोटेप लावतो आणि शिवाय वेगळी चिठ्ठी ठेवतो, वायलच्या (छोट्या बाटलीच्या) आत नाही, पिशवीत. थंड ठेवायचं सॅम्पल असेल तर कुरियरच्या भरवशावर सोडू नका, भुसावळहून रात्रीच्या गाडीने स्वतः जा किंवा विद्यार्थ्याला पाठवा, स्टीलचा मोठ्या तोंडाचा थर्मास, आत बर्फाचे पॅक. दिवसाच्या एसटीने मे महिन्यात कधीच नाही. आणि विद्यार्थी जाणार असेल तर त्याच्या तिकिटाचे आणि जेवणाचे पैसे आधी हातात द्या, नंतर देतो म्हणू नका.

विषय कुठला घ्यायचा

हे सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं खरं. चांदीचे नॅनोपार्टिकल तुळशीपासून, कडुनिंबापासून, सीताफळापासून, जे झाड कंपाउंडमध्ये दिसेल त्यापासून, मीपण एक केलाय, कबूल. पानाचा अर्क, सिल्व्हर नायट्रेट, तपकिरी रंग, यूव्हीचा पीक, दोन बॅक्टेरिया, पेपर. त्यातून कोणाला काही नवीन कळत नाही, तुम्हालाही नाही. त्यापेक्षा जे इथेच आहे आणि बाहेरच्याला इथे येऊनच करावं लागेल ते धरा. रावेर-यावलच्या केळीवरचा सीएमव्ही हा व्हायरसचा रोग, ज्याला शेतकरी हरण्या म्हणतात. तापीकाठच्या गाळात खाली खाली चाललेलं पाणी. नंदुरबारच्या पाड्यांवरचा सिकलसेल. धुळे-नंदुरबारच्या माळावर काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या उभ्या असलेल्या डाइक (भेगेत लाव्हा थिजून झालेल्या), त्या बघायला भूगर्भवाले मुंबईहून येतात आणि आपली पोरं त्यांच्या बाजूने रोज एसटीने जातात. शिरपूरला नाले खोल करून, बांध घालून जमिनीत पाणी मुरवलं, तेही एका भूवैज्ञानिकाच्या डोक्यातून आलेलं, त्यांनी प्रश्न आपल्या पायाखालचा उचलला.

माझं सध्या केळीच्या खोडावर चाललंय. घड कापला की खोड बांधावर पडून सडतं, त्याचा कोळसा करून पाण्यातला रंग शोषतो का ते बघतोय. पहिल्यांदा खोडं आणायला गेलो तेव्हा अमळनेरकडचे एक बाबा सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "सर, ते बठ्ठं खरं, पन येन्हा आमले काय उपेग शे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रपोजलमध्ये सामाजिक उपयोग नावाचा रकाना मी चार वर्षं छान इंग्रजीत भरत होतो आणि बांधावर उभं राहून एक वाक्य बोलता आलं नाही. आता मी तो रकाना आधी मराठीत लिहितो आणि एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवतो. त्याने भुवई उडवली की परत लिहितो.

परवानग्या विसरू नका. यावल अभयारण्यातून झाडाचं पानही वनखात्याच्या परवानगीशिवाय आणायचं नाही. माणसांचं रक्त घ्यायचं असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी सॅम्पल घेण्याआधी, नंतर मागून मिळत नाही आणि जर्नल तारीख बघतं.

पोरं

२०२२ च्या यूजीसी नियमाप्रमाणे असिस्टंट प्रोफेसर चार पीएचडी विद्यार्थी घेऊ शकतो. घेऊ शकतो म्हणजे घ्यावेतच असं नाही. पहिली तीन वर्षं एकच घ्या. त्याच नियमाने थिसिस द्यायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्तीही काढलीय, पण विद्यापीठाचे स्वतःचे नियम वेगळे असू शकतात, ते रजिस्ट्रेशनच्याच दिवशी विचारून घ्या. जेआरएफवाल्याला (ज्युनिअर फेलोशिप) महिन्याला ३७,००० आणि एसआरएफ (सीनियर) झाल्यावर ४२,००० मिळतात, २०२३ पासूनचा दर. पण ते कागदावर दर महिन्याला, खात्यात कधी तीन महिन्यांनी कधी सहा. विद्यार्थी घेतानाच त्याच्या घरची परिस्थिती विचारा, म्हणजे मधे फेलोशिप थांबली तर तो काय खाईल हे तुम्हाला माहीत असेल.

भाषेचं एक सांगतो. आमच्याकडे येणारी पोरं शिरपूर, साक्री, शहाद्याकडची, घरात अहिराणी, शाळेत मराठी, आणि एकदम पीएचडीला इंग्रजी. माझी एक विद्यार्थिनी सेमिनारमध्ये पाच मिनिटं इंग्रजीत ॲडसॉर्प्शन (पावडरीच्या पृष्ठभागाला रंग चिकटणं) सांगत होती, सगळं पाठ, काही पोचत नव्हतं. नंतर लॅबमध्ये भांडी धुता धुता म्हणाली, "सर, हाई पावडर रंग पटकन धरस, पन मंग सोडसच नही." एका वाक्यात अख्खा निष्कर्ष. पकड वेगात होते, पण डिसॉर्प्शन (चिकटलेलं सुटणं) नाही म्हणजे पावडर परत वापरता येणार नाही. आम्ही तेच वाक्य धरून चर्चेचा परिच्छेद लिहिला. आता माझ्याकडे नियम आहे, आधी घरच्या भाषेत मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, मग मराठीत उतरवायचं, मग इंग्रजी. वेळ लागतो, पण कॉपी-पेस्ट थांबतं. आणि ते थांबायलाच हवं, कारण २०१८ च्या नियमात साम्य १० टक्क्यांपर्यंत असलं तर शिक्षा नाही, त्यापुढे ४०, ६० असे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्यात रजिस्ट्रेशनच रद्द.

पेपर आणि रिव्ह्युअर

"आदरणीय महोदय, आपले अमूल्य संशोधन" अशी सुरुवात करून सात दिवसांत छापून देणारे मेल येतील, डिलीट. यूजीसी केअरची, म्हणजे मान्य जर्नलांची, यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे आता जर्नल चांगलं की भुरटं हे आपणच बघायचं. मी काय बघतो तर एडिटर खरे आहेत का आणि त्यांच्या स्वतःच्या कॉलेजच्या पानावर त्या जर्नलचं नाव आहे का, मागच्या दोन अंकांतले चार पेपर उघडून वाचण्यालायक आहेत का, आणि स्कोपसमध्ये (जर्नलांच्या एका मोठ्या डेटाबेसमध्ये) आहोत असं ते म्हणतात तर स्कोपसच्या स्वतःच्या यादीत सापडतं का. मंगल कार्यालयात एक दिवसाची इंटरनॅशनल कॉन्फरन्स, दुपारी जेवण आणि संध्याकाळी आयएसबीएनवालं पुस्तक, त्याचे पॉइंट मिळत असतील पण तुमचा चांगला डेटा तिथे पुरू नका, एकदा छापला की परत कुठे देता येत नाही.

रिव्ह्यू आला की त्या दिवशी उत्तर लिहायचं नाही. दुसरा रिव्ह्युअर नेहमीच खवट असतो असा सगळ्यांचा समज, माझा अनुभव असा की त्याने पेपर खरोखर वाचलेला असतो. दोन दिवसांनी एक तक्ता करा, डावीकडे त्याचं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे आपलं उत्तर आणि कुठल्या ओळीत बदल केला ते. जे मान्य नाही ते कारण देऊन सरळ लिहा. जे एक्सपेरिमेंट तो मागतोय ते आपल्याकडे होण्यासारखं नसेल तर तसं लिहा आणि त्याऐवजी काय केलं ते द्या. माझ्याकडे एकाने मागितलं की २५ अंशाला तेरा दिवस स्टॅबिलिटी दाखवा. एप्रिल चालू होता. मी लिहिलं की आमच्याकडे एसी इन्क्युबेटर नाही, नोव्हेंबरपर्यंत मुदत द्या. एडिटरने दिली!

शेवटचं एक, गावातली माणसं. तुम्ही सायन्सचे सर आहात हे कळलं की रविवारी सकाळी दारात बाटली घेऊन कोणीतरी उभं असतं, "सर, आमच्या बोअरचं पाणी बघा ना." हाकलू नका आणि अंदाजाने पिण्यालायक आहे असंही सांगू नका. टीडीएस मीटर बुडवून आकडा सांगा आणि स्पष्ट सांगा की यातून फक्त क्षार कळतात, जंतू कळत नाहीत. माती असेल तर पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्राचा रस्ता दाखवा, केळीचं काही असेल तर जळगावच्या केळी संशोधन केंद्राचा. पाणी परत आणायचं असेल तर कोल्ड्रिंकची बाटली चालणार नाही, ती गोड वास सोडते. स्वच्छ बाटली, त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरून, वर गाव, विहीर की बोअर, तारीख. जंतूंसाठी तर निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यायची आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवून संध्याकाळी आणलेली नाही चालत.